गिट्टी निघाली, भोक राहिलं

आमचे वडील रेल्वेत होते. "गिट्टी आणायला चाललोय" असं म्हटलं की पेपरातून मान वर न करता विचारायचे, "किती ब्रास?" मनमाड जंक्शन आहे हे, इथे गिट्टी म्हणजे आधी रुळांखालची खडी, बाकीचं सगळं नंतर. मला हवी असायची ती दुसरी. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची, भिंतीच्या भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी. इलेक्ट्रिशियन तिला गिट्टी म्हणतो, जुना सुतार गट्टी किंवा गट्टू म्हणतो आणि कंत्राटदार झाला की तो रावळ प्लग म्हणायला लागतो.

एवढ्याशा वस्तूवर लिहायची वेळ आली ती एका आरशामुळे. घरात जिप्समचं पार्टिशन घातलं आणि त्यावर साध्या गिट्ट्या ठोकून आरसा लावला. रात्री लावला, सकाळी पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळेला खाली आला. गादीवर पडला म्हणून वाचला. भिंतीला रुपयाएवढी चार भोकं आणि जमिनीवर चार गिट्ट्या, अगदी कोऱ्या, पाकिटातून आत्ता काढल्यासारख्या. त्या पुन्हा वापरता येतील का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना जे जे हाताला लागलं त्याची ही भेळ.

रावळ आपल्यातला नव्हे

रावळ प्लगमधला रावळ हा कुणी आपल्याकडचा उद्योगपती असावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आडनाव तर ओळखीचं. प्रत्यक्षात तो लंडनचा जॉन जोसेफ रॉलिंग्ज. १९११ च्या सुमाराला त्याच्याकडे ब्रिटिश म्युझियममधल्या विजेच्या फिटिंगचं काम आलं. अट अशी की भिंती खराब होता कामा नयेत. तोवरची पद्धत म्हणजे छिन्नीने भिंतीत चौकोनी खड्डा खणायचा, त्यात लाकडाचा ठोकळा बसवायचा आणि भोवताली पुन्हा गिलावा करायचा. एका दिव्यासाठी वीतभर भिंत फोडायची. रॉलिंग्जने तागाचे तंतू चिकटवून त्यांची बारीक नळी केली. चिकटवायला सरस, नाहीतर चक्क जनावराचं रक्त. लहान गोल भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत गेला की नळी फुगते आणि भिंतीला आतून घट्ट धरते. १९१९ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली, आणि रॉलिंग्जचा 'रॉल' आपल्या बाजारात येता येता रावळ झाला.

त्या काळी जगाला ताग पुरवायचा तो बंगाल. म्हणजे ब्रिटिश म्युझियममध्ये भारताच्या ज्या वस्तू आहेत त्यात बहुधा भिंतीतली ही एक धरायला हवी.

भिंतीत तंतू घालण्याची अक्कल काही लंडनची नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. गिलावा टिकला तो असा.

गट्टीचं डोकं आत

रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांनी लाकडी गट्टी पाहिलेली असते. पांढऱ्या गिलाव्यात एक तपकिरी चौकोन, त्यात स्क्रू, त्यावर गोल लाकडी ब्लॉक, त्यावर काळं बेकलाइटचं बटण. लहानपणी मला वाटायचं की हा ठोकळा पाचरीसारखा ठोकलेला असणार, म्हणजे आत निमुळता आणि बाहेर जाड. उलटं आहे. जुन्या वायरिंगच्या नियमांत गट्टीचं माप दिलेलं असे: लांबी पाच सेंटिमीटर, बाहेरचं तोंड दोन सेंटिमीटर चौरस आणि आतलं अडीच. जाड बाजू आत. भोवती सिमेंट भरलं की ती पुढे ओढून निघूच शकत नाही, कारण मागचं अंग पुढच्या दारातून मावत नाही.

तोंडाकडे चिंचोळी आणि पोटात रुंद, सगळी करामत एवढीच. पुढे जे प्लग आले त्यातले बहुतेक या एका युक्तीचे नातेवाईक. फरक इतकाच की लाकडी गट्टी बसवतानाच जाड असते, बाकीचे आत गेल्यावर जाड होतात.

म्हणून लाकडी गट्टी काढायच्या भानगडीत पडू नका. ती काढायची तर भिंत काढावी लागते.

चार लिटर पाणी, तेही भिंतीत

आता आरसा का पडला ते. वीट किंवा दगड यांत गिट्टी धरते ती दाबामुळे. स्क्रू आत शिरतो, गिट्टी फुगते, भिंत तिला परत दाबते आणि त्या रेटारेटीत घर्षण तयार होतं. मनमाडच्या जुन्या घरांचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. तो दाबाला दाद देत नाही. ड्रिल मशीनचं बिट लाल होतं, मिस्त्री घामाघूम होतो. पण एकदा भोक पडलं की गिट्टी तिथे जन्माची.

जिप्सम बोर्डाची जाडी साडेबारा मिलिमीटर. मागे पोकळी. गिट्टी फुगली की आतला चुरा भुरूभुरू गळतो, तिला उलटा दाब द्यायला कुणी नसतंच. मुळात हा बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये भरलेलं जिप्सम. १८९४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने कागद आणि प्लास्टर यांचे थर देऊन केलेल्या बोर्डाचं पेटंट घेतलं, ते या भिंतींचं मूळ. बोर्डाची ताकद बरीचशी त्या कागदात असते. कागद फाटला की खेळ खलास. भोकाच्या कडेचा कागद उचकटू देऊ नये तो म्हणूनच.

जिप्सम भारतात मुख्यतः राजस्थानातून येतं. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असतं, खडकाच्या रेणूंत बांधलेलं. सहा फूट बाय चार फुटांच्या एका बोर्डाचं वजन एकोणीस-वीस किलोच्या घरात, म्हणजे हिशेबाने त्यात साडेतीन-चार लिटर पाणी झालं. मनमाडकराला हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल. वागदर्डी धरण आटलं की नळाची वाट बघत दिवस मोजणाऱ्या गावात दुकानादुकानांतल्या पार्टिशनमध्ये इतकं पाणी कोंडून ठेवलंय! ते पिता येत नाही, पण आग लागली तर उपयोगी पडतं. ज्वाळेला आधी ते पाणी वाफ करून घालवावं लागतं, तोवर भिंतीपलीकडचं तापमान फार चढत नाही.

हेच जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की बरंचसं पाणी उडतं आणि हाती येतं प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून ते नाव. म्हणजे पीओपीचा गणपती, हाडवैद्याच्या पुढच्या पायरीवरचं प्लास्टर आणि बँकेतलं मॅनेजरच्या केबिनचं पार्टिशन, तिघं सख्खी भावंडं.

फुलपाखरू पडलं पोकळीत

पोकळ भिंतीत टिकायचं तर मागून मिठी मारावी लागते. यासाठी टॉगल नावाचा प्रकार असतो. स्क्रूच्या टोकाला स्प्रिंगचे दोन पंख. पंख मिटून भोकातून सरकवायचे, पलीकडे गेले की फटकन उघडतात. वजन चांगलं पेलतात. पण पूर्ण स्क्रू बाहेर काढला की पंख सुटतात आणि पोकळीत खाली पडतात. टप् असा आवाज येतो. जुन्या पार्टिशनच्या तळाशी अशी किती फुलपाखरं पडून असतील, ते पार्टिशन तोडणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरा प्रकार धातूच्या नळीचा, आत छत्रीसारखा उघडतो. तो काढताना स्क्रू थोडा सैल करून हलकेच आत ठोकतात, छत्री जमली तर मिटते. बहुतेक वेळा जमत नाही. मग बाहेरची कॉलर तोडायची आणि उरलेलं धड आत ढकलून द्यायचं. दोन्ही प्रकारांत पुनर्वापर नावालाच.

तिसरा प्रकार आहे तो खरा कामाचा. मोठमोठ्या आट्यांचा, जस्ताचा किंवा जाड प्लास्टिकचा, बोर्डात स्वतःच भोक पाडत आत जाणारा. स्क्रू ड्रायव्हरने उलटा फिरवला की आला तसा बाहेर येतो, आटे शाबूत. दुसऱ्या जागी पुन्हा बसतो. त्याच भोकात मात्र नाही; तिथलं जिप्सम त्याने आधीच दळून ठेवलेलं असतं. आरसा आता अशा चार अँकरवर आहे आणि पंचवटी रोज वेळेवर जाते, निदान आमच्या घरापुरती.

फिशर, त्याची लेक आणि उजेड

प्लास्टिकच्या गिट्टीचा बाप जर्मन. ब्लॅक फॉरेस्टमधल्या टुम्लिंगेन गावच्या शिंप्याचा मुलगा, आर्टूर फिशर, जन्म ३१ डिसेंबर १९१९. लहान मुलीचा घरात फोटो काढायचा होता. त्या काळचा फ्लॅश म्हणजे पेटवायची दारू, धूर आणि धोका. फिशरने १९४९ मध्ये कॅमेऱ्याच्या कळीबरोबर आपोआप पेटणारा फ्लॅश करून टाकला. १९५८ मध्ये नायलॉनची करड्या रंगाची गिट्टी आणली. दोन्ही बाजूंना छोटे पंख, म्हणजे स्क्रू फिरवताना गिट्टी स्वतः गरगरत नाही. हल्लीच्या बऱ्याच गिट्ट्यांवर ते पंख दिसतील. पुढे त्याने मोडलेली हाडं जोडायलाही तसलेच प्लग केले. २०१६ मध्ये गेला तेव्हा त्याच्या नावावर अकराशेहून जास्त पेटंट आणि नोंदणी झालेले शोध होते.

म्हणजे एकाच माणसाने आधी भिंतीवर लावायचा फोटो नीट काढून दिला आणि मग तो भिंतीवर टांगायची सोयही करून दिली.

खरी मेख

मेख म्हणजे खुंटी, आणि 'खरी मेख तिथे आहे' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. गिट्टी ठोकायला हातोडी पुरते. काढायला डोकं लागतं.

विटेच्या भिंतीतली गिट्टी काढताना बहुतेक जण पक्कडीने तिची कड धरून ओढतात. कड तुटते, धड आत राहतं. मला एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने दाखवलेली रीत अशी. काढलेलाच स्क्रू परत घ्यायचा आणि दोन-तीन आटे, बस्स, एवढाच आत फिरवायचा. जास्त फिरवला तर गिट्टी पुन्हा फुगते आणि अडून बसते. मग भिंतीवर एखादं जुनं एटीएम कार्ड ठेवायचं, त्यावर पक्कडीचा जबडा टेकवायचा आणि स्क्रूचं डोकं पकडून पक्कड कलती करायची. ओढायचं नाही, कलतं करायचं. दात उपटताना डॉक्टर करतो तसं. गिट्टी 'सुळुक' करून स्क्रूसकट हातात येते. कार्ड कशाला? नाहीतर पक्कडीचं टोक गिलाव्यात रुततं आणि एका भोकाची दोन होतात. ते कार्ड हयातभर भिंतीलाच टेकायला वापरलं होतं त्यांनी. बँकेत ते कधी चाललं असेल असं वाटत नाही.

बाहेर आलेली गिट्टी उजेडात धरून बघावी. तिचे चिरलेले पाय परत जवळ येत असतील तर ती अजून जिवंत आहे. पाय फाकलेलेच राहिले किंवा वाकलेल्या जागी प्लास्टिक पांढरं पडलं असेल, तर तिचा दम गेला. नायलॉनची बरी परत येते. दुकानात सुट्या मिळणाऱ्या स्वस्त, कडक गिट्ट्या एकदाच्याच.

गिट्टी भिंतीतच ठेवून फक्त स्क्रू बदलायचा असेल तर एक सोपी गंमत आहे. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा फिरवा, हलक्या हाताने. एका क्षणी 'टक्' असं जाणवेल. तो जुन्या आट्यात बसला. आता सुलटा फिरवा. तसं न करता नेट लावला तर नवा आटा जुन्या आट्याला छेदून जातो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की मग आटेच राहत नाहीत. डबीचं झाकण लावताना हात आपोआप हेच करतो, स्क्रूच्या वेळी मात्र विसरतो.

किलोमीटरला ६,६४०

घरात चार गिट्ट्यांनी मी हैराण झालो, तर रुळावरच्या माणसांचं काय होत असेल? सिमेंटच्या स्लीपरवर रूळ बसतो तो वळवलेल्या लोखंडी क्लिपांनी. या क्लिपेला सगळे पँड्रोल म्हणतात. नाव आलं ते पेर पांडे-रॉल्फसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरवरून. पुन्हा रावळची गोष्ट: माणूस गेला, आडनावाचा तुकडा खिळ्याला चिकटून राहिला. एका स्लीपरला चार क्लिपा. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर. म्हणजे ६,६४० क्लिपा. मुंबईहून मनमाड २६० किलोमीटर धरलं तर एकाच रुळजोडीवर सव्वासतरा लाख. प्रत्येक क्लिप रुळाला साडेआठशे ते अकराशे किलोच्या जोराने दाबून धरते.

क्लिप ज्यात अडकते तो लोखंडी तुकडा मात्र स्लीपर ओततानाच सिमेंटमध्ये पुरलेला असतो. तो कधीच निघत नाही. क्लिप काढा, घाला, बदला, तो तिथेच. भिंतीतल्या लाकडी गट्टीचा हा थोरला भाऊ.

लाकडी स्लीपर होते तेव्हा खिळे ठोकलेले असत. रूळ बदलताना खिळा उपटला, पुन्हा ठोकला, असं काही वेळा झालं की लाकूड खिळा धरेनासं होई. स्लीपर कुजलेला नसायचा, नुसता भोकांनी दमलेला असायचा. मग त्या भोकात औषध लावलेली लाकडी खुंटी ठोकून ते बुजवत, त्यात नव्याने भोक पाडत आणि खिळा परत बसवत. घरी आपण सैल भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबतो तेच, फक्त वरून गाडी जायची.

आणि हे रोज बघणारा माणूस म्हणजे चावीवाला. खांद्यावर हातोडा, आपल्या हद्दीतले रूळ पायी तुडवायचे आणि सैल झालेलं जिथल्या तिथे ठोकून बसवायचं. मराठीत खुंटा हलवून बळकट करणं हा वाक्प्रचार आहे. चावीवाल्याची ती नोकरी आहे.

रिबेट

मनमाडला रेल्वेचा वर्कशॉप आहे, पुलांचे गर्डर बनवणारा. जुन्या पुलांचे जोड रिबेटचे, म्हणजे रिव्हेटचे असत. लाल तापलेली रिबेट भोकात घालायची आणि दुसऱ्या बाजूने ठोकून तिला दुसरं डोकं काढायचं. थंड होताना ती आकसते आणि दोन्ही पत्रे आवळून धरते. ती काढायची तर एक डोकं उडवावं लागतं. पुनर्वापराचा प्रश्नच मिटला. पुढे बोल्ट आले आणि आवळण्याइतकंच सोडवणंही सोपं झालं.

शेंडीला मेख

मनमाडच्या आसपास गाडीच्या खिडकीतून एक सुळका दिसतो, मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा. इंग्रजाळलेले लोक त्याला थम्स अप म्हणतात. खरं नाव हडबीची शेंडी. अंकाई-टंकाईच्याच मुलखातला. चढायचा तर दोर लागतात, आणि दोर अडकवायला कातळात मेखा नाहीतर बोल्ट. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांची ही खुंटी.

कपारीत ठोकायची पोलादी मेख परत काढता येते. शेवटी चढणारा गडी हातोडीने ती डावी-उजवी ठोकून सैल करतो आणि बरोबर घेतो. पुढच्या चढाईला तीच. ऐकायला काटकसर वाटते. पण अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर वर्षानुवर्षं हेच झालं, मेख ठोक, मेख काढ, आणि कपारींची भोकं झाली. मेख धडधाकट राहिली, कडा झिजला. तिथला इव्हॉन शुईनार हा स्वतः मेखा बनवून विकणारा. त्याने १९७२ मध्ये आपल्याच कॅटलॉगमधून लोकांना सांगितलं की मेखा सोडा, हाताने कपारीत अडकवून हातानेच काढता येणारे तुकडे वापरा. आपल्या चालत्या धंद्याला स्वतःच मेख मारणारा व्यापारी विरळा.

आमच्या आरशाच्या प्रकरणातही गिट्ट्या कोऱ्याच होत्या. फुटली ती भिंत.

यशवंती

सिंहगडच्या दंतकथेतली यशवंती नावाची घोरपड ही जगातली पहिली पुन्हा वापरता येणारी गिट्टी असावी. कमरेला दोर, कड्याला नखं, काम झालं की परत पेटीत. इतिहासकार मान्य करत नाहीत, म्हणून आपणही पुढे जाऊ.

भोक न पाडता

जुन्या वाड्यांना ही कटकट नव्हती. भिंत हातभर रुंद, मातीची किंवा दगडाची. दिव्याला दिवळी, भांड्यांना फडताळ, किरकोळ वस्तूंना कोनाडा, कपड्यांना दांडी आणि पागोट्याला खुंटी. तीही भिंत रचतानाच गवंडी बसवून मोकळा व्हायचा. ओळीने खुंट्या असल्या तर खुंटाळं. नंतर भोक पाडायची वेळच येत नसे, कारण कुठे काय टांगायचं हे भिंतीच्या आधी ठरलेलं असे. आता भिंत आधी होते आणि टीव्ही कुठे लावायचा यावरून घरात नंतर भांडणं होतात.

खुंट्यांमधली अवघड खुंटी तंबोऱ्याची. तिला सहज फिरायलाही हवं आणि सोडली की जागच्या जागी थांबायलाही हवं. घट्ट झाली तर सूर लागत नाही, सैल झाली तर टिकत नाही. घसरायला लागली की वादक खुंटी काढतात, तिला खडू घासतात आणि परत बसवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरीत या खुंटीचा वाटा कुणी वेगळा काढून सांगत नाही, पण आहे.

टूथपेस्टचे भाडेकरू

भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं: "भिंतीला खिळा ठोकायचा नाही हं." मग घर सोडताना, अनामत रकमेच्या काळजीने, खिळ्याच्या भोकात पांढरी टूथपेस्ट भरायची. दोन दिवस छान दिसतं. मग वाळून आकसते आणि भोकाला पांढरी टिकली लागल्यासारखी दिसते. घरमालकही कधीतरी भाडेकरू होताच, त्याला कळतं.

धड उपाय असा: विटेच्या भिंतीत वॉल पुट्टी, दोन हातांत, पहिला वाळून आकसला की वरून दुसरा. जिप्समच्या भिंतीत आधी भोकाच्या कडेचा उचकटलेला कागद ब्लेडने कापायचा आणि कडा अंगठ्याने किंचित आत दाबायच्या, म्हणजे पुट्टी वर उंचवटा धरत नाही. भोक मोठं असेल तर जाळीची पट्टी. त्याच जागी पुन्हा वजन टांगायचा मोह मात्र धरू नका. पुट्टी दिसायला भिंत असते, वजनाला नव्हे. चार बोटं बाजूला सरका.

लाकडातल्या सैल स्क्रूला काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल. फेविकॉल १९५९ चं, काड्यांची युक्ती त्याहून जुनी. गुल काढून काड्या घालाव्यात. का, असं कुणी विचारू नये.

मला ज्या गिट्टीने शेवटी चकवलं ती सिपोरेक्सच्या विटेतली. हलक्या, सच्छिद्र, पांढुरक्या विटा. नवीन इमारतींत सगळीकडे त्याच. मूळ शोध स्वीडनचा, १९२० च्या दशकातला, आणि तिकडच्या कंपनीचं नाव आपल्याकडे विटेलाच पडलं. यात ड्रिल लोण्यासारखं जातं आणि मिस्त्री खूश होतो. पण आतल्या बुडबुड्यांमुळे साधी गिट्टी फिरत राहते, ना आत ना बाहेर. हिला लांब गिट्टी लागते आणि भोक पाडताना मशीनचा हातोडा बंद ठेवायचा असतो, नुसतं फिरवायचं. कुणी सांगितलं नव्हतं. तीन भोकं वाया गेल्यावर कळलं.

एकच खिळा

मराठी घरात एक खिळा असा असतो की जो कुणी ठोकला ते कुणाला आठवत नाही आणि जो कधी काढलाही जात नाही. कॅलेंडरचा. कालनिर्णय १९७३ पासून निघतं. म्हणजे काही घरांत एकाच खिळ्यावर पन्नासाहून जास्त वर्षं लटकून गेलीत. दूधवाल्याचे हिशेब, गॅस नंबर लावल्याची तारीख, चतुर्थीची गोल खूण, सगळं त्याच्या भरवशावर. आमच्या क्वार्टरमध्ये तो आमच्या आधीच्या कुटुंबाचा होता. बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, आईने शेवटी कॅलेंडर उतरवलं आणि खिळा पुढच्यांसाठी तसाच ठेवला. गिट्टी वगैरे काही नव्हती त्यात. नुसता खिळा, वजन पावशेर.

तेव्हा हिशेब असा. मोठ्या आट्यांचा अँकर काढून पुन्हा वापरा. नायलॉनची गिट्टी पाय मिटत असतील तर वापरा. टॉगलचे पंख गेले ते गेले. लाकडी गट्टीला हात लावू नका. जी निघत नाही ती आत ढकला आणि वरून पुट्टी ओढा; एका चहाच्या पैशात नव्या मूठभर मिळतात.

आणि डिसेंबरअखेर जुनं कॅलेंडर उतरवाल तेव्हा तो खिळा जरा हलवून बघा. हलला, तर काड्या शोधून ठेवा.